ऑफ-रोड गाडीचं सस्पेन्शन कसं निवडावं: वजन आधी, उंची शेवटी

थार, जिम्नी, जिप्सी किंवा गुरखा दारात आली की महिन्याभरात एक प्रश्न ठरलेला असतो: "किती इंच लिफ्ट करू?" इथेच गोंधळ सुरू होतो, कारण उंची हा सस्पेन्शनच्या निवडीतला पहिला आकडा नाही. गाडीवर कायम किती वजन आहे त्यावरून स्प्रिंग ठरते, स्प्रिंगवरून शॉकअप (तिची हालचाल आवरणारी तेलाची नळी) ठरतो आणि त्या दोघांच्या जोडीतून जी उंची मिळते ती मिळते. उंची आधी ठरवून बाकीचं तिच्यामागे ओढलं की गाडी दिसायला दमदार होते. पण घाटात डोलते, खड्ड्यात आपटते आणि सहा महिन्यांत बुश (जोडातलं रबर), बॉल जॉइंट (गोल सांधा) नाहीतर सीव्ही बूट (ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी आवरण) बदलायला लावते.

या लेखातला क्रम तसाच आहे: गाडीखाली काय आहे, वजन किती, रस्ता कोणता, मग स्प्रिंग, शॉकअप, जोडणीचे बारकावे आणि तपासणी.

आधी गाडीखाली वाका

एका गाडीला लागू पडणारा सल्ला दुसरीला घातक ठरू शकतो, कारण मांडणीच वेगळी असते. भारतात ऑफ-रोडसाठी वापरल्या जाणाऱ्या गाड्यांत मुख्यतः तीन प्रकार सापडतात.

२०२० नंतरची थार आणि २०२१ नंतरची गुरखा यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे: दोन विशबोन (चाक धरणारे त्रिकोणी आर्म), त्यात कॉइल स्प्रिंग. मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि कॉइल. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आणि कॉइल आहेत. जिप्सीला चारही कोपऱ्यांत पाटे (लीफ स्प्रिंग). जुनी थार सीआरडीई यांच्या मधली आहे, पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) आणि मागे पाटे. बोलेरो, एमएम ५४० किंवा कुठलीही जुनी जीप असेल तर आधी खाली वाकून बघा, कारण मॉडेल आणि वर्षानुसार पुढची बाजू बदलते.

मग मोजमाप. गाडी सपाट फरशीवर उभी करा आणि टायरमध्ये नेमकी हवा भरा. चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर, मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही बाजूंनी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायर बदलला की तो आकडा निरुपयोगी होतो. डाव्या-उजव्या बाजूत ५ ते १० मिमी फरक नव्या गाडीतही सापडतो. तो २० मिमीच्या वर असेल तर स्प्रिंग बसलेली आहे किंवा बुश गेलेलं आहे, आणि त्याचं कारण सापडेपर्यंत नवं काही विकत घ्यायचं नाही.

वजनकाट्यावर दोन फेऱ्या

वाळूचे आणि उसाचे ट्रक जिथे तोलतात त्या वजनकाट्यावर जा. टाकी पूर्ण भरलेली आणि गाडीत रोजचंच सामान असू द्या. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाच्या जवळ यायला हवं. काटा १० किंवा २० किलोच्या टप्प्यात मोजतो, त्यामुळे तेवढी तफावत चालते. दुसरी फेरी लांबच्या प्रवासाच्या तयारीनिशी करा: माणसं, पाणी, डिझेलचा कॅन, हाय-लिफ्ट जॅक, तंबू, सगळं चढवून. मिळालेला आकडा गाडीच्या कमाल अनुज्ञेय वजनाशी ताडून पाहा. तो ओलांडला असेल तर कुठलीही स्प्रिंग त्यावरचा उपाय नाही. स्प्रिंग गाडी वर धरते, पण ब्रेक, ॲक्सल आणि चासी होती तेवढ्याच ताकदीची राहतात.

सामान कुठे ठेवलंय याला वजनाइतकंच महत्त्व आहे. एक हिशेब करून पाहू. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २४५० मिमी. पुढे पोलादी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) मिळून मूळ बंपरपेक्षा ८० किलो जादा आहेत आणि त्यांचं वजन पुढच्या ॲक्सलच्या सुमारे ७०० मिमी पुढे लटकतंय असं धरा. पुढच्या ॲक्सलवर पडणारा भार ८० × (२४५० + ७००) ÷ २४५०, म्हणजे जवळपास १०३ किलो. ८० च्या वरचे हे २३ किलो मागच्या ॲक्सलवरून उचलले जातात. म्हणून विंच बसवल्यावर पुढची बाजू अपेक्षेपेक्षा जास्त खाली बसते आणि मागचं टोक वर गेल्यासारखं दिसतं. विंचला लोखंडी दोराऐवजी सिंथेटिक दोर लावला तर याच ठिकाणचे काही किलो सहज कमी होतात. सस्पेन्शनवरचा सगळ्यात स्वस्त बदल कोणता असं विचारलं तर आमचं उत्तर हेच: अनावश्यक लोखंड उतरवा.

यानंतर दोन आकडे वेगळे लिहा. एक, गाडीवर वर्षभर असणारं जादा वजन. दोन, वर्षातून एखाद्या मोठ्या प्रवासाला चढणारं वजन. स्प्रिंग पहिल्या आकड्यावर निवडायची. लडाखच्या पंधरा दिवसांसाठी जड स्प्रिंग घेणारा माणूस उरलेले साडेअकरा महिने रिकामी, ताठ गाडी चालवतो. ताठ स्प्रिंगवर चाक खड्ड्यात खाली उतरत नाही, हवेत राहतं आणि ओल्या चढावर नेमकी तिथेच पकड सुटते.

रस्ता कोणता?

सह्याद्रीतलं ऑफ-रोडिंग बहुतांशी हळूहळू चालतं: पावसाळ्यात पाण्याने कोरलेल्या चाकोऱ्या, सुटे दगड, कोकणात जांभ्याचे खडक आणि लाल चिखल, घाटमाथ्यावर चिकट काळी माती. वेग ताशी ५ ते १५ किमी. इथे शॉकअप तापत नाही. इथे चाकाचा वर-खाली प्रवास मोठा लागतो, स्प्रिंग मऊ असावी लागते आणि शॉकअपने चाकाला पटकन खाली जाऊ द्यावं लागतं.

स्पिती, झंस्कार किंवा राजस्थानात गणित वेगळं होतं. तिथे तासन्‌तास खडबडीत, लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर ताशी ४० ते ५० किमीने, भरलेल्या गाडीत जायचं असतं. शॉकअपमधलं तेल तापून पातळ होतं, त्यात फेस धरतो आणि दुपारनंतर गाडी होडीसारखी हलू लागते. तिथे तेलाचं प्रमाण आणि उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता महत्त्वाची. दोन्हीकडे उत्तम चालणारा संच मिळत नाही. वर्षातले ऐंशी टक्के दिवस गाडी जिथे जाते त्या रस्त्यासाठी निवड करा.

आणि पैसे खर्च करण्याआधी एकदा टायरमधली हवा कमी करून पाहा. डांबरावर ३० ते ३२ पीएसआय असेल तर चिखलात-दगडांत १८ ते २० पर्यंत उतरवा, वेग कमी ठेवा आणि डांबर लागण्याआधी पुन्हा भरा. "गाडी फार आपटते" ही तक्रार बऱ्याचदा इथेच निम्मी होते.

स्प्रिंग: डोळ्यांना दिसत नाही तो फरक

स्प्रिंगचा ताठपणा न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये सांगतात. मागच्या अखंड ॲक्सलवर ३० न्यूटन प्रति मिमीच्या दोन स्प्रिंग आहेत असं समजा. त्यावर १५० किलो ठेवले तर प्रत्येकीवर ७५ किलो, म्हणजे साधारण ७३६ न्यूटन येतात आणि गाडी २४ ते २५ मिमी बसते. ४० च्या स्प्रिंग घातल्या तर तीच गाडी १८ मिमीच बसेल. नवी स्प्रिंग मागवताना हा हिशेब स्वतः करा. विक्रेत्याला स्प्रिंगचा रेट आणि मोकळी लांबी विचारा. ज्याला हे दोन आकडे सांगता येत नाहीत त्याच्याकडून स्प्रिंग घेऊ नका. ओल्ड मॅन ईमू, आयर्नमॅन यांसारखे ऑस्ट्रेलियन उत्पादक एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या भाराच्या स्प्रिंग देतात. "थारचा किट" एवढं सांगून भागत नाही, कुठल्या भाराचा ते सांगावं लागतं.

कॉइलचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १३ मिमी तारेऐवजी १४ मिमी तार घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग सुमारे ३४ टक्के ताठ होते. दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक ओळखू येत नाही. म्हणून दिसायला सारखी, दुसऱ्या गाडीची स्प्रिंग बसवून पाहण्याचा प्रयोग फसतो.

कॉइलच्या वेढ्यांमध्ये अडकवायचे रबरी बफर बाजारात सर्रास मिळतात. ते टाळा. बफर एक वेढा निकामी करतो, स्प्रिंग ताठ होते, प्रवास घटतो आणि सगळा ताण बाकीच्या वेढ्यांवर जातो. उंची वाढल्यासारखी वाटते, पण चाक वर जायला जागा उरत नाही. क्वचित येणाऱ्या वजनासाठी कॉइलच्या आत बसणारी हवेची पिशवी त्यापेक्षा बरी: रिकाम्या गाडीत हवा किमान पातळीवर ठेवायची, सामान चढलं की भरायची. दोन्ही बाजूंच्या पिशव्यांना हवेची वेगवेगळी नळी असू द्या. एकच नळी असेल तर वळणावर बाहेरच्या पिशवीतली हवा आतल्या पिशवीत जाते आणि गाडी जास्त कलते.

शॉकअप: स्प्रिंगचा लगाम

स्प्रिंग वजन धरते, शॉकअप तिची हालचाल आवरतो. मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगसाठी घडवलेला असतो. स्प्रिंग ३० टक्के ताठ केली तर तिला उलट परतताना आवरायला साधारण १४ टक्के जादा दमन (हालचाल आवरण्याचा जोर) लागतं. मूळ शॉकअपवर नुसती ताठ स्प्रिंग टाकली की गाडी प्रत्येक स्पीडब्रेकरनंतर दोन-तीनदा उसळते. उलट, मूळ मऊ स्प्रिंगवर जड शॉकअप घातला तर चाक खाली यायला उशीर करतं आणि एकामागून एक खड्डे आले की गाडी हळूहळू खाली बसत जाते. शेवटी ती बंप स्टॉपवरच, म्हणजे चाक फार वर जाऊ न देणाऱ्या रबरी ठोकळ्यावरच, चालत असते. म्हणून स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उत्पादकाचे, एकमेकांसाठी जुळवलेले घ्या.

दुहेरी नळीचा शॉकअप सह्याद्रीसाठी पुरेसा आहे, आणि त्याचा एक फायदा फार कमी लोक विचारात घेतात: बाहेरच्या नळीला दगडाचा पोचा आला तरी आतला पिस्टन चालत राहतो. एकेरी नळीचा शॉकअप उष्णता चांगली टाकतो, लांबच्या कच्च्या रस्त्याला तोच हवा. पण त्यात बाहेरची नळी हीच पिस्टनची नळी असते. खोल पोचा पडला की पिस्टन अडकतो आणि शॉकअप तिथेच संपतो. दगडांत उतरणाऱ्या गाडीला एकेरी नळी घेतलीच तर खालच्या टोकाला पत्र्याचं संरक्षण लावा. बाहेरच्या टाकीचे शॉकअप सुंदर दिसतात. भरलेल्या गाडीने दर वर्षी स्पितीला जाणाऱ्यांनीच त्यांचा विचार करावा. बाकीच्यांनी तेच पैसे चांगल्या टायरवर खर्च करावेत.

लांबी हा शॉकअपचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पूर्ण उघडलेली आणि पूर्ण मिटलेली, दोन्ही लांब्या मोजाव्या लागतात. उंच गाडीला लांब शॉकअप घेतला आणि त्याची मिटलेली लांबीही वाढली, तर खड्ड्यात बंप स्टॉप टेकण्याआधी शॉकअपच तळाला लागतो. मग वरचा माउंट फाटतो किंवा दांडा वाकतो. मोजायची पद्धत पुढे, जोडणीच्या भागात दिली आहे.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर

थार आणि गुरखाच्या पुढच्या बाजूला मर्यादा कडक आहेत. गाडी वर उचलली की ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, सीव्ही जॉइंट तापतो, बूटच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात आणि आत चिखल गेला की जॉइंट संपला. वरच्या विशबोनचा बॉल जॉइंटही आपल्या कोनाच्या टोकाशी जाऊन बसतो. म्हणून इथे ४० ते ५० मिमीपुढे जाऊ नये. त्याच्या जवळपास गेलात तरी वरचा कंट्रोल आर्म (म्हणजेच विशबोन) बदललेला असावा, म्हणजे बॉल जॉइंटचा कोन आणि कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) दोन्ही परत जागेवर येतात.

स्पेसरबद्दल (उंची वाढवायला स्प्रिंगच्या वर बसवायची चकती) नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त विक्री त्याचीच होते. स्प्रिंगचं खालचं टोक लोअर आर्मच्या मधोमध कुठेतरी बसतं, चाकापाशी नाही. ते आर्मच्या ६० टक्के अंतरावर असेल तर वर २० मिमीचा स्पेसर ठेवल्यावर चाकापाशी ३३ मिमी फरक पडतो. "फक्त पाऊण इंच" म्हणून बसवलेला स्पेसर प्रत्यक्षात सव्वा इंचाच्या वर उचलतो. स्पेसर दोन प्रकारांनी बसतो. पूर्ण स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र जोडणीच्या) वर ठेवला तर चाक पूर्वीपेक्षा जास्त खाली लोंबकळतं आणि सीव्ही, बॉल जॉइंट आपल्या हद्दीबाहेर जातात. स्ट्रटच्या आत, स्प्रिंगच्या वर ठेवला तर स्ट्रटची लांबी तीच राहते, पण गाडी वर बसल्यामुळे चाकाला खाली उतरायला जागा कमी उरते. प्रत्येक उसळीला पुढून "टक्" असा आवाज येतो. कॉलर फिरवून उंची बदलणाऱ्या कॉइलओव्हरलाही हेच लागू आहे. कॉलर फिरवल्याने स्प्रिंग ताठ होत नाही, गाडी फक्त वर जाते.

जुन्या थारमध्ये टॉर्शन बारचा बोल्ट पिळून पुढची बाजू उचलता येते. तिथेही बारचा ताठपणा तोच राहतो, फक्त खालचा प्रवास खर्च होतो. विंचमुळे बसलेली बाजू मूळ उंचीवर आणण्यापुरताच त्याचा वापर करा.

अखंड ॲक्सल आणि कॉइल: जिम्नीची गोष्ट

जिम्नीत ॲक्सल लांब आर्मना घट्ट बांधलेला असतो. गाडी वर गेली की आर्म तिरका होतो आणि ॲक्सल त्याच्यासोबत फिरतो. आर्मची लांबी ८०० मिमी धरली तर ५० मिमी लिफ्टला ॲक्सल साडेतीन अंशांनी फिरतो आणि तेवढाच कॅस्टर जातो. कॅस्टर मुळातच थोडे अंश असतो, त्यामुळे स्टिअरिंग सैल, भटकं होतं. वळणानंतर ते आपोआप सरळ येत नाही. याला उपाय कॅस्टर सुधारणारी तिरक्या भोकाची बुशं किंवा नवे आर्म. ३० मिमीपर्यंत बहुतेक वेळा निभावतं, ५० मिमीला ते किटमध्ये असायलाच हवेत.

दुसरी गोष्ट पॅनहार्ड रॉडची. हा आडवा रॉड ॲक्सलला डाव्या-उजव्या दिशेने धरतो. ९०० मिमी लांबीचा रॉड आधीच ८० मिमी उतरता असेल आणि गाडी आणखी ५० मिमी उचलली, तर ॲक्सल सुमारे ६ मिमी एका बाजूला सरकतो. पुढचा एकीकडे, मागचा दुसरीकडे सरकला तर गाडी रस्त्यावर किंचित तिरकी चालते. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड घेतला की ॲक्सल पुन्हा मध्यावर आणता येतो.

ताशी ६० ते ७० किमीला स्टिअरिंग अचानक जोरात थरथरायला लागतं, त्याचं खापर नेहमी लिफ्टवर फुटतं. तपासण्याचा क्रम असा ठेवा: टायरचं बॅलन्सिंग, पॅनहार्डची बुशं आणि बोल्ट, किंगपिन बेअरिंग, टाय रॉडचे जोड, मग कॅस्टर. एकाने इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्याने वाकून पॅनहार्डच्या बोल्टवर बोट ठेवावं. बोल्ट भोकात हलत असेल तर बोटाला लगेच कळतं. स्टिअरिंग डॅम्पर नवा टाकल्याने थरथर दबते, कारण तसंच राहतं.

पाटे

जिप्सीच्या पाट्यांना आधी स्वच्छता द्या. पाट्यांमध्ये गंज साचला की ते एकमेकांवर सरकत नाहीत आणि सगळा संच एका जाड पाट्यासारखा वागतो. पाटे सुटे करा, तारेच्या ब्रशने घासा, टोकांना घर्षण कमी करणाऱ्या पट्ट्या लावा, शॅकलची (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) आणि डोळ्याची (पाट्याच्या टोकाचा गोल वेढा) बुशं बदला. एवढ्याने बऱ्याच जिप्सी नव्यासारख्या चालतात. जास्तीचा पाटा घालणं हा वजनावरचा उपाय आहे, उंचीवरचा नव्हे.

पाटे ठोकून कमान वाढवून देणारे कारागीर गावोगावी आहेत. उष्णतेची प्रक्रिया न करता, थंड ठोकलेली कमान मात्र काही महिन्यांत पुन्हा बसते. उंची हवी असेल तर जादा कमानीचे नवे पाटे घ्या. लांब शॅकलने मिळणारी उंची शॅकलच्या वाढवलेल्या लांबीच्या निम्मीच असते, आणि जिप्सीसारखी पुढची शॅकल पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टरही कमी होतो. पुढच्या ॲक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळे कधीही घालू नका. ब्रेक मारताना ॲक्सल फिरण्याचा जोर त्या ठोकळ्यावर येतो आणि तो निसटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. पाटे ॲक्सलच्या वर नेण्याचं काम थेट पाच इंचांच्या आसपास उचलतं. त्यासोबत स्टिअरिंगचे जोड, प्रॉपेलर शाफ्ट, ब्रेक होज सगळं नव्याने करावं लागतं. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ते करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट एकदा सुटले की परत वापरायचे नाहीत. घट्ट करताना त्यांचे आटे ताणले जातात. दुसऱ्यांदा तोच टॉर्क दिला तरी पकड तेवढी येत नाही.

लिफ्टने काय मिळतं, काय जातं

अखंड ॲक्सलच्या गाडीत सस्पेन्शन कितीही उचलला तरी डिफरन्शियलचा (ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा) फुगीर भाग जमिनीपासून तेवढाच राहतो. तो फक्त टायरने वर जातो. जिम्नीचा १९५/८० आर १५ टायर ६९३ मिमी व्यासाचा आहे. २१५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७०३ ते ७०४ मिमी, म्हणजे डिफरन्शियलखाली जेमतेम ५ मिमी मिळतात. २३५/७५ आर १५ ला व्यास ७३३ ते ७३४ होतो आणि २० मिमी मिळतात, पण स्पीडोमीटर सुमारे ६ टक्के कमी दाखवतो, गिअरिंग उंच होतं आणि टायर आत घासू लागतो. तो न घासावा म्हणून लिफ्ट लागते. लिफ्टचं खरं काम हेच आहे: मोठ्या टायरला जागा करणं आणि पोट दगडावर टेकू न देणं.

मोबदल्यात गुरुत्वमध्य वर जातो. चाकांमधलं अंतर १५०० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमी उंचीवर धरला तर ताठ गाडी कागदावर ४७ अंशांना उलटते. गुरुत्वमध्य ७५० ला गेला की ४५ अंशांना. प्रत्यक्षात स्प्रिंग दबतात, टायर दबतात, गाडी पळत असते, म्हणून ती याच्या खूप आधी उलटते. सह्याद्रीतल्या तिरक्या पायवाटांवर ते दोन अंश फार असतात. त्यात छतावर ४० किलोचा कॅरिअर आणि सामान असेल तर लिफ्टचा विचारही करू नका, आधी छत रिकामं करा.

जोडणी: कोणत्या क्रमाने

गॅरेजला काम देत असाल तरी समोर थांबा आणि पुढच्या गोष्टी होताना पाहा.

१. गाडी जॅकवर नाही, चासीखाली लावलेल्या जॅक स्टँडवर उभी हवी. ॲक्सल मोकळा खाली येऊ द्या.

२. ब्रेक होज, एबीएसची वायर आणि ॲक्सलची हवेची नळी त्यांच्या क्लिपमधून आधी सोडवा. कॅलिपर उतरवला तर तारेने चासीला बांधा. होजवर लटकवू नका.

३. जुनी स्प्रिंग काढल्यावर नवी लगेच बसवू नका. स्प्रिंगशिवाय नवा शॉकअप लावा आणि ॲक्सलखाली जॅक लावून हळूहळू वर न्या. बंप स्टॉप पूर्ण दबल्यावर शॉकअपच्या दांड्याचा १० ते १५ मिमी भाग अजून बाहेर दिसला पाहिजे. दिसत नसेल तर बंप स्टॉप तेवढा उंच करा. मग ॲक्सल पूर्ण खाली सोडा आणि ब्रेक होज हाताने हलवून पाहा. ती ताणलेली असेल तर लांब होज हवीच.

४. पुढच्या स्ट्रटची स्प्रिंग उतरवताना चांगला कॉम्प्रेसर वापरा. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते. दोरी, साखळी, जुगाड इथे चालणार नाही.

५. स्प्रिंगचं मोकळं टोक खालच्या खाचेला टेकलं पाहिजे, वर-खाली रबर नवं हवं. डाव्या-उजव्या स्प्रिंगवर वेगळे क्रमांक असतील तर ते वाचा. ड्रायव्हरच्या बाजूची बऱ्याचदा थोडी उंच असते.

६. आर्म आणि पॅनहार्डच्या बुशांचे बोल्ट आधी नुसते बसवा. गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला आणि ती स्वतःच्या वजनावर बसल्यावरच टॉर्क रेंचने शेवटचं घट्ट करा. हे सगळ्यात जास्त चुकतं. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकतं, गाडी ताठ वाटते आणि काही महिन्यांत बुश फाटतात. टॉर्कचे आकडे त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

७. व्हील अलाइनमेंट करा आणि छापील कागद मागून घ्या. टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली) बरोबर आला म्हणून समाधान मानू नका; कॅस्टर आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किती आला ते वाचा. ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्या. हेडलाइट खाली करा, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

रस्त्यावर नेण्याआधी

एक पुढचं चाक उंचवट्यावर चढवा, त्याच ॲक्सलवरचं दुसरं लोंबकळू द्या. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून टायर कुठे घासतो ते पाहा. घासण्याची खूण ओळखायला आत खडू लावून ठेवा. हेच मागच्या चाकांसाठी करा. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी २५ ते ३० किमीने स्पीडब्रेकर ओलांडा. गाडी एकदा वर आली, एकदा खाली गेली आणि थांबली तर शॉकअप जुळलाय. अजून हलत राहिली तर दमन कमी आहे. ताडकन् आपटून लगेच स्थिर झाली तर दमन किंवा स्प्रिंग जास्त आहे.

पहिल्या १०० आणि ५०० किमीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, पाट्यांच्या गाडीत यू-बोल्ट आधी. पहिल्या हजार किमीत नव्या स्प्रिंग ५ ते १० मिमी बसतात. ते नैसर्गिक आहे. त्यानंतर सुरुवातीला लिहिलेले चार आकडे पुन्हा मोजा आणि अलाइनमेंट पुन्हा करा. पावसाळा संपला की सीव्ही बूट, शॉकअपच्या दांड्यावरचं तेल आणि चासीवरच्या माउंटच्या वेल्डिंगला गेलेल्या बारीक भेगा पाहा. चिखल धुतल्याशिवाय त्या दिसत नाहीत.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. परवानगीशिवाय केलेल्या बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. घिसलेले भाग मूळ तपशिलाच्या जवळच्या भागांनी बदलणं आणि गाडी पाच इंच उचलणं यांत म्हणूनच मोठा फरक आहे. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि वॉरंटीतला कुठला भाग जातो ते डीलरकडून लिहून घ्या. काढलेल्या स्प्रिंग, शॉकअप आणि बोल्टवर कोणत्या कोपऱ्यातले ते लिहून, तेल लावून ठेवून द्या. गाडी विकताना किंवा पूर्ववत करायची वेळ आल्यावर तेच लागतात.